‘ग्राउंडस्वेल’ : लोकभावनेच्या उसळीचा हा इंग्रजी शब्द वाक्यात कधी आणि कसा वापरावा?

वाक्यवेध

इंग्रजी वृत्तपत्रे नेमाने वाचणाऱ्यांना ‘अ ग्राउंडस्वेल ऑफ सपोर्ट’ किंवा ‘अ ग्राउंडस्वेल ऑफ अँगर’ ही शब्दयोजना परिचित असेल. निवडणूक, आंदोलन, सरकारने मागे घेतलेला एखादा निर्णय असा विषय निघाला की ती हमखास भेटते. अलीकडे आपल्याकडील संस्थांची इंग्रजी निवेदने, स्पर्धा परीक्षांचे निबंध आणि कार्यालयीन अहवाल यांतही हा शब्द दिसू लागला आहे. मात्र पुष्कळदा तो ‘खूप पाठिंबा’ किंवा ‘मोठा असंतोष’ एवढ्याच अर्थाने, वाक्याला वजन यावे म्हणून योजलेला असतो. लोकभावना किती मोठी आहे हे सांगणारे शब्द इंग्रजीत पुष्कळ आहेत; ती कोठून उगवली आणि कशी वाढली हे सांगणारे थोडे आहेत, आणि हा त्या थोड्यांपैकी एक आहे. म्हणून त्याच्या वापराची चर्चा नीट व्हावी, अशी इच्छा आहे.

माझे मत थोडक्यात मांडतो. ही भावना कोणी नेत्याने किंवा संस्थेने वरून दिलेली नसते. ती सामान्य माणसांमध्ये, एकमेकांची ओळखही नसलेल्या घरांमध्ये, आपापल्या अनुभवातून तयार झालेली असते. ती हळूहळू साठते, आणि सत्तेवर असलेल्यांच्या लक्षात येते तेव्हा बरीच पुढे गेलेली असते. ज्या प्रसंगाला हे वर्णन लागू पडत नाही, तेथे हा शब्द टाळावा.

व्याकरणाच्या दृष्टीने हे नाम आहे आणि बहुधा एकवचनी येते. त्याच्या आधी ‘अ’ किंवा ‘द’ येतो, त्याच्यानंतर ‘ऑफ’, आणि ‘ऑफ’नंतर भावनेचे किंवा मताचे नाम. ‘सपोर्ट’, ‘ओपिनियन’, ‘ऑपोझिशन’, ‘सिम्पथी’, ‘डिस्कंटेंट’, ‘इंटरेस्ट’ ही नामे त्याच्याबरोबर सहज बसतात. उदाहरणार्थ, ‘देअर इज अ ग्राउंडस्वेल ऑफ सपोर्ट फॉर द नर्सेस’ या वाक्याने परिचारिकांच्या बाजूने लोकमत आतून तयार होत आहे, असा अर्थ होतो. उच्चारात जोर ‘ग्राउंड’वर द्यावा. जुन्या पुस्तकांत हे दोन सुटे शब्द किंवा मध्ये आडवी रेघ असलेला शब्द असे आढळते. आज एकच शब्द लिहिण्याची पद्धत रूढ आहे.

इंग्रजीच्या_बाई

धागा उपयुक्त आहे. माझ्या अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांची अडचण अर्थापेक्षा शब्दयोगी अव्ययांची असते, म्हणून त्याविषयी थोडे लिहिते.

‘ऑफ’नंतर भावना येते, हे वर आलेच आहे. ती भावना कोणाच्या बाजूने आहे हे सांगायचे असल्यास ‘फॉर’ किंवा ‘इन फेवर ऑफ’, विरोधात असल्यास ‘अगेन्स्ट’, आणि ती कोणामध्ये पसरली आहे हे सांगायचे असल्यास ‘अमंग’ वापरावे. या तिन्ही गोष्टी एकाच वाक्यात मांडता येतात: ‘देअर वॉज अ ग्राउंडस्वेल ऑफ ओपिनियन अमंग पेरेंट्स अगेन्स्ट द अर्ली स्कूल अवर्स’, म्हणजे शाळेच्या फार लवकरच्या वेळेविरुद्ध पालकांमध्ये मत तयार होत गेले होते. ‘अगेन्स्ट’ वापरायचे असेल तर मागे ‘ओपिनियन’ किंवा ‘फीलिंग’सारखे तटस्थ नाम असावे. ‘ऑपोझिशन’ हा शब्द घेतला तर त्याच्यापुढे ‘टू’ येतो, कारण विरोध त्या नामातच आहे. ही चूक उत्तरपत्रिकांत वारंवार आढळते.

क्रियापदांपैकी ‘बिल्ड’, ‘ग्रो’ आणि ‘इमर्ज’ ही या शब्दाच्या स्वभावाशी जुळतात. हा शब्द स्वतः क्रियापद म्हणून वापरू नये. तसेच एका व्यक्तीच्या मनातील भावनेसाठीही तो चालत नाही. आजीविषयी मनात दाटून आलेली माया कितीही खरी असली तरी तिला ‘ग्राउंडस्वेल ऑफ लव्ह’ म्हणता येणार नाही. येथे समूह असावाच लागतो.

मिऱ्याबंदर

मी समुद्राशी संबंधित कामात आयुष्य घालवले आहे. हा शब्द मुळात समुद्राचा आहे, आणि वर वाक्यवेध यांनी सांगितलेले प्रत्येक लक्षण त्या मूळ अर्थातून आलेले आहे. ते समजून घेतले की तो कोठे वापरावा याचे नियम पाठ करावे लागत नाहीत, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

किनाऱ्यावरचा वारा समोरच्या पाण्यावर ज्या लाटा उठवतो त्या तोकड्या, अस्ताव्यस्त आणि एकमेकींना छेदणाऱ्या असतात. वारा पडला की काही वेळात त्याही विरतात. याउलट दूरच्या महासागरात मोठे वादळ दीर्घकाळ घोंघावले, तर तेथे निर्माण झालेल्या लाटा वादळाचे क्षेत्र सोडून बाहेर पडतात आणि लांब पल्ल्याच्या, सलग, संथ उसळीच्या रूपाने हजारो किलोमीटर प्रवास करतात. दोन उसळ्यांमधील अंतर काळात मोजले तर ते पंधरा-वीस सेकंदांपर्यंत असू शकते. खोल समुद्रात जहाजाला ही उसळी जेमतेम जाणवते, कारण ती उंचीपेक्षा लांबीने मोठी असते. उथळ पाण्यात शिरल्यावर तिची उंची वाढते आणि मग ती किनाऱ्यावर आदळते. त्या वेळी किनाऱ्यावर वारा नसतो, आकाश स्वच्छ असते, आणि पाणी का चढले हे पाहणाऱ्याला कळत नाही.

समुद्रशास्त्रज्ञ वॉल्टर मंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये दक्षिण महासागरातील वादळांतून निघालेल्या अशा लाटांचा न्यूझीलंडपासून थेट अलास्कापर्यंत माग काढला. एका गोलार्धातील वादळाची उसळी विषुववृत्त ओलांडून दुसऱ्या गोलार्धाच्या किनाऱ्यावर पोहोचते, हे त्यांच्या नोंदींतून स्पष्ट झाले. आपल्या पश्चिम किनाऱ्यावरही हेच घडते. हिंदी महासागराच्या दक्षिण टोकाकडील वादळांची उसळी चार-पाच दिवसांत केरळला पोहोचते. तेथील मच्छीमार तिला ‘कल्लक्कडल’, म्हणजे चोरासारखा न सांगता येणारा समुद्र, असे म्हणतात. २०१२ मध्ये युनेस्कोनेही ही संज्ञा शास्त्रीय वापरासाठी मान्य केली. हैदराबाद येथील ‘इन्कॉईस’ ही केंद्रीय संस्था अशा उसळीचे इशारे आता नियमित देते, आणि काही वेळा ते कोकण किनाऱ्यासाठीही असतात.

म्हणून माझी विनंती अशी की, स्थानिक वाऱ्याने उठलेल्या लाटेला हा शब्द लावू नये. काल एक बातमी आली, आज लोक संतापले आणि परवा विसरले, अशा प्रसंगासाठी इंग्रजीत ‘आउटक्राय’ आहे, ‘अपरोर’ आहे.

कोऱ्या_पाटीवर

मग ‘अ सडन ग्राउंडस्वेल’ हे चुकीचे मानावे का? इंग्रजी वृत्तपत्रांत ते वाचल्याचे आठवते.

वाक्यवेध

वृत्तपत्रांत ते येते, आणि कोणताही कोश त्याला व्याकरणदृष्ट्या अशुद्ध ठरवणार नाही. तरीही मिऱ्याबंदर यांनी सांगितलेला अर्थ ध्यानात घेतला, तर ‘सडन’ हे विशेषण नामाच्या विरुद्ध दिशेने ओढते. लेखकाला एकाएकी झालेला उद्रेक सांगायचा असेल तर ‘आउटबर्स्ट’ घ्यावा. साठत आलेली भावना एकाएकी दृष्टीस पडली असे सांगायचे असेल तर ‘द ग्राउंडस्वेल सडनली बिकेम व्हिजिबल’ असे लिहावे, म्हणजे अचानकपणा दिसण्याला लागतो, भावनेला लागत नाही. ‘फ्रॉम बिलो’ हे शब्दही जोडू नयेत, कारण खालून येणे नामातच आहे. ‘ग्रोइंग ग्राउंडस्वेल’ मात्र इतके रूढ आहे की त्याला हरकत घेण्यात अर्थ नाही.

रूपकांची सरमिसळ हा दोष मला अधिक गंभीर वाटतो. ‘अ ग्राउंडस्वेल वॉज इग्नायटेड’ असे वाक्य मी एका निवेदनात वाचले आहे. समुद्राच्या उसळीला काडी लावता येत नाही.

दप्तरखाना

इतिहासाचा वाचक म्हणून एक उदाहरण देतो, कारण या शब्दाचा पूर्ण अर्थ त्यात उतरला आहे असे मला वाटते.

अठराव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटनमध्ये गुलामांच्या व्यापाराविरुद्ध जे लोकमत तयार झाले, त्याची औपचारिक सुरुवात मे १७८७ मध्ये लंडनमध्ये बारा जणांनी स्थापन केलेल्या समितीपासून मानतात. त्यांतील नऊ जण क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे होते. एवढ्याशा समितीने देश हलवला, असे म्हणणे पुरेसे ठरत नाही. मँचेस्टरसारख्या औद्योगिक शहरातून १७८८ मध्ये गेलेल्या एकाच अर्जावर दहा हजारांहून अधिक सह्या होत्या. एप्रिल १७९१ मध्ये खासदार विल्यम विल्बरफोर्स यांचा हा व्यापार बंद करण्याचा ठराव पार्लमेंटच्या कनिष्ठ सभागृहाने १६३ विरुद्ध ८८ मतांनी फेटाळला, आणि प्रश्न मिटला असे पुष्कळांना वाटले. त्यानंतर जे घडले ते मला विलक्षण वाटते. हजारो कुटुंबांनी वेस्ट इंडीजमधील गुलामांच्या श्रमावर पिकलेली साखर घरात आणणे बंद केले. स्त्रियांना मताधिकार नव्हता. पण चहात साखर घालायची की नाही हे त्या ठरवत होत्या, आणि त्यांनी ते ठरवले. १७९२ मध्ये पार्लमेंटकडे या विषयावर ५१९ अर्ज पोहोचले. त्याच वर्षी त्याच सभागृहाने हा व्यापार टप्प्याटप्प्याने थांबवण्याच्या बाजूने २३० विरुद्ध ८५ असा कौल दिला. प्रत्यक्ष बंदीचा कायदा होण्यास १८०७ साल उजाडावे लागले, परंतु १७९१ ते १७९२ या एका वर्षात सभागृहाचा कौल पालटला तो मुख्यतः बाहेरच्या या उसळीमुळे.

या घटनेविषयी ‘अ ग्राउंडस्वेल ऑफ पब्लिक फीलिंग फोर्स्ड पार्लमेंट टू रीकन्सिडर’ असे वाक्य लिहिले, तर त्यातील प्रत्येक शब्द वस्तुस्थितीला धरून आहे.

तिसरी_बाजू

माझा एक आक्षेप आहे, आणि तो मी गांभीर्याने मांडतो. ‘आपोआप, खालून, नेतृत्वाशिवाय’ असे वर्णन केल्याने ज्यांनी वर्षानुवर्षे चिकाटीने संघटन केले त्यांचे श्रम पुसले जातात. अमेरिकेतील मॉन्टगोमेरी शहराच्या बस बहिष्काराचे उदाहरण घ्या. १ डिसेंबर १९५५ रोजी रोझा पार्क्स यांना अटक झाली आणि ५ डिसेंबरपासून कृष्णवर्णीयांनी बसमध्ये पाऊल ठेवले नाही. दमलेल्या एका बाईने जागा सोडण्यास नकार दिला आणि जनता उसळली, अशी ही गोष्ट सर्रास सांगितली जाते. वस्तुतः पार्क्स स्वतः एका नागरी हक्क संघटनेच्या स्थानिक शाखेच्या सचिव राहिल्या होत्या. जो अॅन रॉबिन्सन यांच्या महिला राजकीय मंडळाने बहिष्काराचा विचार आधीपासून केलेला होता, आणि अटकेच्या रात्री जागून त्यांनी हजारो पत्रके छापली. त्याच वर्षी मार्च महिन्यात क्लॉडेट कॉल्विन या पंधरा वर्षांच्या मुलीला याच कारणासाठी अटक झाली होती. याला ‘ग्राउंडस्वेल’ म्हटले तर त्या रात्री जागलेल्या स्त्रिया कोठे जातात?

इंग्रजीच्या_बाई

आक्षेप महत्त्वाचा आहे, आणि तो वाक्यरचनेच्या पातळीवर सोडवता येतो असे मला वाटते. इंग्रजीत या शब्दाबरोबर ‘हार्नेस’, ‘चॅनल’, ‘ऑर्गनाइझ’ अशी क्रियापदे येऊ शकतात, आणि त्यांचा कर्ता माणूस किंवा संघटना असते. ‘द विमेन ऑफ मॉन्टगोमेरी गेव्ह डायरेक्शन टू अ ग्राउंडस्वेल दॅट हॅड बीन बिल्डिंग फॉर इयर्स’ या वाक्यात त्या स्त्रिया कर्तेपदी आहेत, आणि भावना त्यांच्या आधीपासून साठत होती हेही ‘हॅड बीन बिल्डिंग’ या काळाने सांगितले आहे. संघटन आणि उसळी यांपैकी एकच खरे मानावे, अशी सक्ती हा शब्द करत नाही. भावना आयती निर्माण करता येत नाही, तिला वाट करून देता येते. मॉन्टगोमेरीत ३८१ दिवस लोक पायी चालले, आणि तेवढे चालण्याइतकी चीड कोणतेही पत्रक तयार करू शकले नसते.

या शब्दाबरोबर पूर्ण-अपूर्ण भूतकाळ किंवा ‘हॅज बीन बिल्डिंग’ हा काळ फार शोभतो, ही गोष्ट विद्यार्थ्यांनी आवर्जून टिपून ठेवावी.

तिसरी_बाजू

त्या वाक्याला माझी हरकत नाही. ज्यात माणसे दिसत नाहीत अशा वाक्यांना ती आहे.

जुना_गिरगावकर

मराठी माणसाने हा शब्द समजून घ्यायचा असेल, तर संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याइतके जवळचे उदाहरण मिळणार नाही. आमच्या घरात त्या काळाच्या आठवणी सांगितल्या जात, पण मी येथे नोंदींत असलेल्या गोष्टीच लिहितो.

राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल १९५५ च्या शरदात आला आणि मुंबईसह मराठी राज्याची मागणी त्यात मान्य झाली नाही. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी मुंबईत फ्लोरा फाउंटनजवळ मोर्चावर गोळीबार झाला. जानेवारी १९५६ मध्ये मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा झाली आणि शहरात पुन्हा रक्त सांडले. फेब्रुवारी १९५६ मध्ये पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. या तारखांचा क्रम मुद्दाम पाहावा. समितीच्या स्थापनेच्या आधी माणसे रस्त्यावर आलेली होती आणि मेलीही होती. गिरणी कामगार, शेतकरी, प्राध्यापक, एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे कम्युनिस्ट, समाजवादी, शेतकरी कामगार पक्ष, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन, हे सारे एका मागणीभोवती आले, कारण खाली भावना एकच होती. त्यानंतर आचार्य अत्र्यांचा ‘मराठा’, अण्णाभाऊ साठे आणि अमर शेख यांची शाहिरी, अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांचा केंद्रीय मंत्रिमंडळातून राजीनामा या गोष्टींनी त्या भावनेला आवाज आणि प्रतिष्ठा दिली. १९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला जबर फटका बसला. १ मे १९६० रोजी राज्य झाले. फ्लोरा फाउंटनच्या चौकाला आज हुतात्मा चौक म्हणतात.

इंग्रजीत हे सांगताना पुष्कळजण ‘द समिती क्रिएटेड अ ग्राउंडस्वेल’ असे लिहितात. माझ्या मते ते वाक्य इतिहासाशी विसंगत आहे. ‘द समिती रोज ऑन अ ग्राउंडस्वेल’ असे लिहावे.

दप्तरखाना

सहमत आहे. ‘क्रिएट’ हे क्रियापद या नामाबरोबर शक्यतो नसावे. कोणीतरी निर्माण केलेल्या आणि लोकांच्या नावावर खपवलेल्या भावनेसाठी इंग्रजीत वेगळा शब्द रूढ झाला आहे. टेक्सासचे सिनेटर लॉइड बेन्टसन यांनी १९८५ मध्ये, विमा व्यवसायाच्या प्रेरणेने आलेल्या पत्रांच्या ढिगाविषयी बोलताना, खरे गवत आणि ‘अॅस्ट्रोटर्फ’ नावाचे मैदानावरचे कृत्रिम गवत यांतील फरक आपल्याला कळतो, असे म्हटले होते. तेव्हापासून पैसे देऊन उभ्या केलेल्या लोकमताला ‘अॅस्ट्रोटर्फिंग’ म्हणतात. आज एकाच मजकुराचे हजारो संदेश काही मिनिटांत पाठवता येतात, आणि त्यांनाही बेधडक ‘ग्राउंडस्वेल’ म्हटले जाते. वार्तांकन करणाऱ्यांनी हा शब्द लिहिण्यापूर्वी ते संदेश कोणी लिहिले याची चौकशी करणे, हा त्यांच्या कामाचा भाग आहे.

कोऱ्या_पाटीवर

नकारार्थी वाक्यात हा शब्द येतो का?

वाक्यवेध

येतो, आणि इंग्रजीत तो वापर अतिशय प्रचलित आहे. ‘देअर इज नो ग्रेट ग्राउंडस्वेल फॉर चेंज’ असे म्हटले की, बदलाची मागणी कोणी करत नाही असे नव्हे, तर काहीजण करत असले तरी सर्वसाधारण लोकांमध्ये तिला आतून आधार नाही, असा संयत अर्थ निघतो. संपादकीय लेखनात आणि बैठकीच्या इतिवृत्तात हे वाक्य फार उपयोगी पडते, कारण ते मागणी करणाऱ्यांचा अपमान न करता वस्तुस्थिती नोंदवते. येथे ‘ऑफ सपोर्ट’ गाळून थेट ‘फॉर’ लावले आहे, हेही लक्षात घ्यावे. तशी रचना होकारार्थी वाक्यात कमी आढळते.

इमारत_क्रमांक_नऊ

मी आमच्या गृहनिर्माण संस्थेचा सचिव आहे. आमचे विकासक इंग्रजीतच पत्रव्यवहार करतात. पुनर्विकासाच्या करारातील एका अटीविषयी सभासदांमध्ये नाराजी आहे, आणि पत्रात मी असे लिहिले आहे: ‘अ ह्यूज ग्राउंडस्वेल हॅज एरप्टेड अमंग ऑल मेंबर्स अगेन्स्ट क्लॉज सेव्हन’. आमची चोवीस घरे आहेत. हे वाक्य योग्य होईल का?

इंग्रजीच्या_बाई

‘एरप्टेड’ ज्वालामुखीसाठी ठीक आहे, येथे नको. ‘ऑल मेंबर्स’ म्हटल्यावर तर एकमतच झाले, मग ‘ग्राउंडस्वेल’ची गरज उरत नाही. चोवीस घरांसाठी हा शब्द मुळात मोठा आहे; इतक्या लहान समूहात कोणाचे काय मत आहे हे मोजता येते, तेव्हा ते मोजूनच सांगावे. चोवीसपैकी किती सभासदांनी लेखी हरकत घेतली तो आकडा द्या, आणि पुढे ‘द ऑब्जेक्शन टू क्लॉज सेव्हन हॅज बीन ग्रोइंग सिन्स द लास्ट मीटिंग’ असे लिहा.

इमारत_क्रमांक_नऊ

लेखी हरकती एकोणीस आहेत. तोच आकडा लिहितो.